घोडी बांधली की मागे रेटते. शांत उभं राहायला कसं शिकवायचं? (नागाव, अलिबाग)

आगरातला_आनंद

नमस्कार मंडळी. इथे गाई-म्हशींचे, कुत्र्यांचे, अगदी कासवांचेही धागे आहेत, घोड्यांचा सापडला नाही म्हणून नवीन काढतोय.

नागावला आमचं नारळ-पोफळीचं आगर आहे. घोडी पाच-सहा वर्षांची, रंगाने कुमैत (तांबूस-तपकिरी). कानांची टोकं आत वळलेली आहेत, त्यामुळे काठेवाडी रक्त असावं. घेतली घाटावरून. रपेटीला गुणी आहे, लगाम चढवून घेते, नालबंदाला चारही पाय देते. पण बांधली की बिनसतं. एरवी डुलक्या काढत उभी असते. मग काहीतरी होतं, डोकं वर जातं, दोर ताणला जातो, आणि तो ताण जाणवला की ढुंगण खाली घालून मागे रेटायला लागते ती काहीतरी तुटेपर्यंत. आधी मोरकी (डोक्यात अडकवायचे पट्टे, ज्यांना दोर बांधतात) तुटली. मग पडवीच्या खांबाची कडी निघाली. परवा बायकोने पाच मिनिटांसाठी आगराच्या बेड्याला (फाटकाला) बांधली, तर बेडंच उपटून वाडीभर फिरली. बेडं मागून येतंय म्हणून ती पळतेय आणि ती पळतेय म्हणून बेडं मागून येतंय.

शेजारचे म्हणतात जाड साखळी लाव, एकदा आपटली की अक्कल येईल. मला पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

वाचनमात्र

वाचतोय. बेड्याचं वाचून हसलो, माफ करा. घोडीला लागलं नाही ना?

आगरातला_आनंद

मागच्या पायाला नडगीवर खरचटलंय. हळद लावली आहे.

गोठ्यातला_डॉक्टर

हळद राहू द्या, जखम साबणपाण्याने स्वच्छ धुवा आणि आजच धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला तुमच्याकडच्या पशुवैद्याला बोलवा. पाळीव जनावरांत धनुर्वाताचा धोका सगळ्यात जास्त घोड्याला. गंजलेला खिळा, शेणामातीतलं खरचटणं, दोराने सोलवटलेली मागची गुडी (खुरावरचा सांधा), एवढंसं निमित्त पुरतं. लस आधी झाली असेल तर तारीख शोधून ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

दुसरं. अशी जोरात रेटून झाली की पुढचे दोन-तीन दिवस तिची मान बघा. हिरवा चारा दाखवून मान दोन्ही बाजूंना वळवून घ्या, पार बरगडीपर्यंत. एका बाजूला वळवायला कुरकुर करते का? जमिनीवरचं खाताना पुढचा पाय फाकवून उभी राहते का? चालताना मागचा भाग झोकांड्या खातो का? मोरकीचा पट्टा कानांमागून जातो, त्याच्या खालीच मानेचे पहिले मणके असतात. सगळं वजन मागे टाकून रेटते तेव्हा सगळा ताण तिथेच येतो.

आणि साखळीबद्दल विचारलंत म्हणून. रेटता रेटता पाय घसरून किंवा अचानक सुटून घोडा मागे उलटला आणि टाळूवर आपटला तर कवटीच्या बुडाचं हाड मोडतं. त्यातून घोडे दगावतात. साखळीने अक्कल येत नाही.

एक_घाव_दोन_तुकडे

डॉक्टरसाहेब, तुमचा मान राखून सांगतो. आमच्याकडे देशावर आजोबांच्या काळापासून एकच पद्धत. जुनं आंब्याचं झाड, जाड सुती दोर, न तुटणारी मोरकी. बांधायचं आणि लांब जाऊन बसायचं. घोडं रेटतं, दमतं, मग उभं राहतं. परत आयुष्यात रेटत नाही. तुटतं म्हणूनच ते रेटतं हो! या घोडीला तीन वेळा कळलंय की रेटलं की सुटका होते. सुतळीबितळी लावून चौथ्यांदा शिकवू नका.

हौशी_रपेट

सुतळीचं काय आहे? मी नवीन आहे.

आगरातला_आनंद

ताई, कडीला आधी बारीक सुतळीचं रिंगण बांधायचं आणि दोर त्या सुतळीला. घोडा घाबरला तर सुतळी तुटते, मान वाचते. बऱ्याच ठिकाणी हेच करतात म्हणे.

पागेदार

आनंदराव, सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी एक_घाव यांचं. तुमच्या म्हणण्यातलं अर्धं बरोबर आहे. तुटलं की सुटका होते हे घोडं फार लवकर शिकतं आणि विसरत नाही. उरलेलं अर्धं असं की आंब्याच्या झाडाशी झुंजून जे घोडे शिकले तेच तुमच्या आजोबांनी सांगितले. ज्यांची मान कायमची आखडली ते बाजारात विकले गेले, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. मी असे घोडे सारंगखेड्याच्या घोडेबाजारात हाताने तपासलेत.

आता घोडी काय करतेय ते समजून घ्या. अंगावर दाब आला की त्याच्या विरुद्ध रेटणं हा घोड्याचा उपजत स्वभाव आहे. छातीवर हात ठेवून ढकला, तो तुमच्यावर रेलेल. कानांमागे पट्टा ओढला गेला की तो मागे जाणारच. दाब आला की त्याच्या दिशेने एक पाऊल टाकायचं, मग दाब जातो, हे त्याला कोणीतरी शिकवावं लागतं. बांधून नव्हे, हातात धरून. तुमच्या घोडीला हा धडा कोणी दिलेलाच नाही. रपेटीला गुणी असलेले कितीतरी घोडे या एका बाबतीत कोरे असतात, कारण विकणाऱ्याकडे ते मोकळे किंवा कोणाच्या तरी हातात असतात.

म्हणून पहिले काही दिवस बांधायचंच नाही. कुठेच नाही, पाच मिनिटंही नाही. घरात सगळ्यांना सांगा.

मोरकी आणि लांब दोर घेऊन मोकळ्या जागेत उभे राहा. दोराला खाली हलका ओढा द्या, दोन बोटांनी भाकरी उचलावी एवढाच, आणि तसाच धरून ठेवा. वाढवू नका, हिसका देऊ नका. ती आधी डोकं वर करेल, बाजूला करेल, मागे सरेल. तुम्ही तिच्याबरोबर जा पण ओढा तेवढाच ठेवा. ज्या क्षणाला डोकं इंचभर खाली येईल त्या क्षणाला दोर ढिला. सगळा धडा त्या ढिला करण्यात आहे, ओढण्यात नाही. अर्धा श्वास उशीर झाला तर तिला कळत नाही आपण कशासाठी सुटलो. मग हेच पुढे, डावीकडे, उजवीकडे. पुढे ओढा दिला की पुढचा पाय उचलला पाहिजे. बोटाच्या इशाऱ्याने डोकं जमिनीपर्यंत यायला लागलं की पुढची पायरी.

पुढची पायरी खांब. गुळगुळीत, गोल, पक्का गाडलेला. वीस-पंचवीस फुटांचा जाड सुती दोर मोरकीला लावा, खांबामागून फिरवून आणा आणि टोक तुमच्या हातात. गाठ नाही. तुम्ही बाजूला, खांब आणि घोडी यांच्या मध्ये कधीच नाही. हातमोजे घाला आणि दोर हाताला गुंडाळू नका, बोटं जातात. ती मागे गेली की दोर खांबावर घासत घासत सरकू द्या. तिला ओढ जाणवते पण भिंत लागत नाही. घाबरायला कारणच मिळालं नाही की ती थांबते. थांबली की मघाचाच हलका ओढा, ती पुढे येते, ढिला. खांबाला एक वेढा जास्त दिला की घासण वाढते, कमी केला की कमी होते. हळूहळू तिचं तिला कळतं की पुढे पाऊल टाकलं की दोर सैल होतो.

हे रोज थोडं थोडं, काम झाल्यावर, घोडी दमलेली असताना. शेजारी एखादं शांत जनावर असेल तर उत्तम. पक्की गाठ मारायची वेळ तुम्ही ठरवू नका, तिला ठरवू द्या. लांबून पिशवी फडफडवली, घमेलं आपटलं, तरी ती दचकून स्वतःच दोर सैल करत असेल तर मग गाठ.

हौशी_रपेट

वा! पागेदारकाका, किती छान उलगडून सांगितलंत. एक शंका. आम्हाला शिकवणारे रपेट झाली की लगामच खांबाला अडकवतात, पाणी पिऊन येईपर्यंत. चालतं ना?

पागेदार

नाही. घोडा दचकला तर लोखंडी कडियाळं (लगामाचा तोंडातला भाग) जिभेत आणि जबड्यात जातं. जीभ अर्धी तुटलेले घोडे पाहिलेत. बांधायचं ते मोरकीनेच. लगामाखाली मोरकी घालून ठेवायला काही जड जात नाही. शिकवणाऱ्यांना तुम्ही सांगायला बिचकत असाल तर स्वतःची मोरकी घेऊन जा आणि गुपचूप घाला.

माडाखालचो

आनंद भाऊ, एक सांगतंय. माडाखाली घोडो बांधू नको रे. नारळ पडलो तर घोडो रवलो बाजूक, सोडूक गेलंस तर तुझाच टकला फुटात.

आगरातला_आनंद

हाहा, खरंय. पण मग बांधू कुठे? आगरात माड आणि पोफळी सोडून आहे काय!

माडाखालचो

पोफळ तर मुळीच नको. घोड्याच्या एका हिसक्याला मधेच मोडते आणि वरचा शेंडा अंगावर येतो. फणस असेल तर बघ. आमच्याकडे बैल फणसालाच.

भरतीची_वेळ

जागेवरून विषय निघालाय तर थोडं मी सांगतो. आमच्या घरात घोडागाडी होती, लहानपण अलिबागच्या पुळणीवर गेलं. ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्याकडे माणसं न्यायची, पाणी चढायच्या आत परत.

फणस, आंबा, वड चांगले. सुरूच्या झाडावर विश्वास नको. पुळणीवरच्या सुरूंची मुळं वरवर असतात, पावसाळ्यात वाऱ्यानेच आडवी होतात. चिऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकून कडी लावलेली असते ती गाईला ठीक. जांभा मऊ, घोड्याने मन लावून ओढलं तर कडीसकट चिरा बाहेर येतो आणि तो जड दगड दोराच्या टोकाला घेऊन घोडा पळतो. गडग्याचं तर बोलूच नका, तो नुसता रचलेला असतो. लाकडी खांब असेल तर बुडाशी कोयतीचं टोक खुपसून बघा, वाळवीने वरून कळत नाही. लोखंडी कड्या आणि हुक खाऱ्या हवेत आतून गंजतात. वरून रंग मारलेला असला तरी पावसाळ्यानंतर बदलायच्या.

बांधायचं ते घोड्याच्या डोळ्याच्या उंचीला किंवा त्याहून वर. गाठीपासून मोरकीपर्यंत दोन-अडीच फूट. मान सरळ उभी राहता येईल एवढा, पण डोकं जमिनीला टेकणार नाही एवढा. आमचे वडील एवढंच बघायचे, दोराचा झोल गुडघ्याच्या खाली येतो का. आला की पाय अडकणार. पाय अडकला की कितीही शहाणा घोडा वेडा होतो.

पुळणीवर मेख ठोकून बांधणारे हल्ली बघतो, अंगावर काटा येतो. वाळूत मेख धरत नाही. पूर्वी गोणत्यात वाळू भरून, त्याला दोर आवळून, कमरेएवढा खड्डा करून आडवं पुरायचे. ते धरतं. पण तेही जुन्या, सवयीच्या घोड्याला. आणि भरतीचं भान पाहिजे. दोन भरतींमध्ये साडेबारा तासांच्या आसपास जातात, म्हणजे रोजची वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. काल या वेळेला इथे कोरडं होतं म्हणून आज बांधून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत घोड्याच्या पोटाला पाणी. बांधलेल्या घोड्याला पोहता येत नाही.

आम्ही पुळणीवर घोडा बांधायचोच नाही. गाडीला जुंपलेला असो नाहीतर सुटा, एक माणूस डोक्याशी. ती माझी नेमणूक असायची.

गोठ्यातला_डॉक्टर

भरतीची_वेळ यांच्या पोस्टला जोड. वाळूवर चारा टाकून घोडा बांधू नका. गवताबरोबर वाळू पोटात जाते, आतड्यात साचते आणि पोटशूळ होतो. शंका असेल तर मूठभर ताजी लीद काचेच्या बरणीत पाण्यात कालवून ठेवा. वाळू असेल तर थोड्या वेळाने तळाशी बसलेली दिसते. चारा घमेल्यात द्या, किंवा जाळीत भरून उंच टांगा. जाळी रिकामी झाली की लोंबते आणि खूर अडकतो, म्हणून टांगताना रिकाम्या जाळीचा अंदाज घ्या.

सातबारा_उतारा

अवांतर : १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड दोराने वा साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं गुन्हा म्हटलंय. शेजाऱ्यांना साखळीच्या सल्ल्यावर हे ऐकवा.

एक_घाव_दोन_तुकडे

कायदा आजोबांना माहीत नव्हता एवढं मान्य. पण पागेदार, सुतळीचा प्रश्न तुम्ही टाळलात. लावायची की नाही?

पागेदार

टाळला नाही, चहा संपला.

जागा बघून ठरवायचं. आनंदरावांच्या आगराला चहूबाजूंनी कुंपण असेल आणि बेडं जागेवर बसवलं असेल, तर शिकत असलेल्या घोडीला सुतळी लावा. सुटली तरी आगरातच राहील, पोफळींच्या मुळाशी गवत खात. रस्त्याला लागून असाल तर नको. सुटलेला घोडा रेवदंड्याच्या रस्त्यावर गेला आणि समोरून मोटरसायकलवर नवराबायको-पोर येत असलं तर मानेच्या मणक्यापेक्षा मोठं नुकसान. तिथे बांधूच नये, माणूस धरून उभा राहील. माथेरानला दस्तुरी नाक्यावर घोडे किती शांत उभे असतात असं लोक म्हणतात. परत गेलात की बघा, त्यातले बांधलेले किती आणि कोणाच्या तरी हातात किती.

आणि सुतळी म्हणजे तागाची, बारीक. कोकणात प्रत्येक घरात जाळं विणायचा नायलॉनचा दोरा असतो, लोक तोच लावतात. तो तुटत नाही, मोरकी तुटते, नाहीतर मान. सुंभाचाही (काथ्याच्या दोराचा) भरवसा नाही. नवा सुंभ हत्ती ओढेल, दोन पावसाळे खाल्लेला हातात कुजून येतो, आणि मधला कुठला कसा वागेल सांगता येत नाही.

ट्रकची जुनी ट्यूब मध्ये लावणारेही आहेत. ताणते आणि परत घेते, त्याने काही घोडे सुधारतात. पण ताणलेल्या ट्यूबला हुक असेल आणि तो तुटला तर गोफणीसारखा येतो. मी लावत नाही.

हौशी_रपेट

गाठ कुठली मारायची तेही सांगा ना. मला नेहमी निरगाठ बसते आणि मग दाताने सोडवावी लागते. :)

पागेदार

दात घोड्याच्या डोक्याजवळ नेऊ नका ताई.

सुरगाठ. दोर खांबामागून काढून पुढे घ्या. आता तुमच्यासमोर दोन पदर आहेत, एक घोड्याकडे जाणारा, एक सुटा. सुट्या पदराचा एक फेरा करून तो घोड्याकडच्या पदरावर आडवा ठेवा. सुट्याच पदराची दुमड घ्या, घोड्याकडच्या पदराच्या मागून न्या आणि त्या फेऱ्यातून वर काढा. फेरा आवळा, गाठ खांबाला चिकटवा. सुटं टोक ओढलं की एका झटक्यात उलगडते. घरी खुर्चीच्या पायाला सराव करा. डोळे मिटून जमली पाहिजे, कारण गरज पडेल तेव्हा घोडा नाचत असेल.

दोन गोष्टी. ओला दोर असला आणि घोड्याने अंगभर जोर लावला तर ही गाठही कधी कधी चावते. म्हणून खांबाला आधी दोन वेढे, मग गाठ, आणि हाताशी धारदार सुरी. कोयतीने घाव घालू नका, घोडा हलतो. सुरी ताणलेल्या दोरावर नुसती टेकवली तरी पुरे. कापणारा बाजूला हवा, दोर उसळतो. दुसरं, काही घोडे सुटं टोक तोंडाने ओढून गाठ सोडायला शिकतात. अशांना टोक दुमडीतून काढून ठेवा. मात्र सोडताना आधी ते टोक बाहेर घ्यायचं लक्षात ठेवा.

गोठ्यातला_डॉक्टर

पावसाळा तोंडावर आहे म्हणून हे लिहून ठेवतो. अंगणात चिऱ्यांची फरसबंदी असेल आणि त्यावर शेवाळ धरलं असेल तर तिथे घोडा बांधू नका, रेटायला लागला की चारही पाय निघतात. दुसरं म्हणजे गोमाशा. मोकळा घोडा पळतो, लोळतो, झाडाला अंग घासतो. आखूड बांधलेल्याला शेपटी आणि कातडी थरथरवणं एवढंच जमतं. तो सारखा पाय आपटतोय म्हणजे खोडकर आहे असं समजू नका, आधी पोटाखाली आणि मांड्यांच्या मध्ये बघा. याच माश्यांमधून सरा रोगाची लागण होते. ताप येऊन जातो, परत येतो, घोडा झिजत जातो, पायांना सूज. असं दिसलं तर रक्त तपासायला द्या.

आणि रात्री आखूड बांधून ठेवू नये. घोडा उभ्याने डुलक्या घेतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवं व्हावं लागतं. रात्री मोकळं खोपटं द्या, बांधणं दिवसा आणि तुमच्या नजरेसमोर.

इतिहासवेडा

पण मराठ्यांच्या फौजेत तर घोडे आगाडी-पिछाडी लावून बांधायचे ना? पुढे मोरकीला दोन दोर, मागच्या पायांना दोर, चारही मेखांना. हजारो घोडे छावणीत असे उभे असायचे. मग घोडा मागे रेटणार कसा? हीच पद्धत सोपी नाही का?

पागेदार

ती पद्धत ज्यांच्या हातात होती त्यांना सोपी. तिथे मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे) होते, त्यांचं बिऱ्हाडच घोड्यांच्या ओळीत. पायाला दोर लावायचा म्हणजे त्या पायाला आधी वेगळा धडा द्यावा लागतो, पाय धरला गेला की झटकायचा नाही हा. तो न देता पिछाडी लावली तर घोडा दुगाण्या झाडून स्वतःचीच गुडी सोलून घेतो. घरी एकट्याने, नवशिक्या घोडीवर हा प्रयोग नको. इतिहास वाचायला छान.

आगरातला_आनंद

मंडळी, बरेच दिवसांनी लिहितोय. इंजेक्शन दिलं, जखम भरली. मान दोन्हीकडे वळते, डॉक्टरांनी (आमच्या इथल्या) तपासून मोरकीचा पट्टा बदलायला सांगितला. जुना कानांमागे रुतत होता, तिथे केस गेले होते. रुंद पट्ट्याची नवीन शिवून घेतली. नुसत्या तेवढ्यानेच डोकं वर फेकणं निम्म्याने कमी झालं.

पागेदारकाकांचा दोन बोटांचा ओढा सुरुवातीला फार जड गेला. तिला नाही, मला. हात आपोआप ओढायला जातो. बायकोचा हात हलका, तिच्याकडे घोडी पटकन शिकली. आता बायको बोट खाली दाखवते आणि घोडी डोकं खाली घालते, मी दाखवलं तर विचार करते.

खांब फणसाचा झाला. तो लांब दोर खांबावर सरकायला लागला तेव्हा तिने पहिल्यांदा जोरात रेटलं, दोर सरकला, ती थांबली आणि चक्क मागे वळून बघितलं, काय तुटलं म्हणून. काहीच तुटलं नव्हतं. त्यानंतर रेटणं दर वेळी छोटं होत गेलं. आता सुतळी लावून सुरगाठ मारतोय, आगरातच. झावळी पडली, कुत्री भांडली, मांजर पायातून गेलं, तर दचकते, दोर ताणला जातो आणि स्वतःच एक पाऊल पुढे येते. खरारा करून होईपर्यंत उभी राहते.

अजून जमत नाही ते वाजंत्रीचं. परवा रस्त्यावरून वरात गेली, ताशा आणि ते मोठे भोंगे. सुतळी तुटली. घोडी आगराच्या टोकाला जाऊन थरथरत उभी. पुढच्या महिन्यात आळीत दोन लग्नं आहेत. काय करू?

एक_घाव_दोन_तुकडे

आनंदराव, छान काम केलंत. मनापासून.

वरातीचं म्हणाल तर त्या दिवशी बांधू नका. हे आजोबाही सांगायचे.

पागेदार

सहमत. लग्नाच्या दिवशी घोडीला आगराच्या लांबच्या कोपऱ्यात मोकळी ठेवा, पुढ्यात चारा टाका. शक्य असेल तर बायकोने हातात लांब दोर धरून जवळ थांबावं, ओढायला नाही, नुसतं. वरातीतले नुकरे (पांढरे) घोडे भोंग्यांत शांत दिसतात त्याला वर्षं गेलेली असतात, आणि त्यांच्याही तोंडाशी माणूस असतोच.

सवय करायचीच असेल तर ताशाच्या सरावाची जागा शोधा. गणपतीच्या आधी पोरं कुठेतरी वाजवतातच. लांबून सुरू करा, जिथे ती कान टवकारते पण चारा खात राहते एवढ्या अंतरावरून. खाणं थांबलं की तुम्ही फार जवळ आलात. हातात धरून, बांधून नाही.

वाचनमात्र

शेवटचा प्रश्न विचारू का? आमच्याकडे घोडीला शिंगरू झालंय, तीन महिन्यांचं. त्याला आत्तापासूनच बांधायची सवय लावली तर पुढे हा त्रास होणार नाही असं वाटतंय.

पागेदार

बांधू नका. कोवळी मान असते, एका हिसक्यात कायमची इजा होते. मोरकीची ओळख करून द्या, पण घालून मोकळं सोडू नका, कशात तरी अडकतं. आईच्या बाजूने चालवताना एक हात मोरकीवर आणि ढुंगणामागून एक मऊ दोर, पुढे यायला तिथून हलकं सुचवायचं. डोकं ओढायचं नाही. दाब आला की पुढे यायचं, दाब जातो, एवढं एक त्याला आत्ता कळलं तरी पुष्कळ. खांब त्याच्या आयुष्यात दीड-दोन वर्षांनी आला तरी चालेल. आणि आईला बांधायची वेळ आली तर शिंगरू तिच्या दोरात घुसणार नाही अशा उंचीवर बांधा, ती पोरं कुठेही मान घालतात.